कृपया एकच पर्याय निवडा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभ्या असलेल्या माणसाला 'एकच पर्याय निवडा' असं सांगणं म्हणजे त्याच्या स्वभावावरच घाला घालणं. या चौकातून पैठणगेटकडे जाता येतं, उस्मानपुऱ्याकडे जाता येतं, अदालत रोडनं बाबा पेट्रोल पंप गाठता येतो, जालना रोडनं सिडको गाठता येतं. आणि यातलं काहीच पसंत नसेल तर डोक्यावरून उड्डाणपूल आहे. सिग्नलला थांबलेल्या रिक्षाचं तोंड एका रस्त्याकडे असतं, पुढचं चाक दुसऱ्या रस्त्याकडे वळलेलं असतं आणि ड्रायव्हरनं बाहेर काढलेला पाय तिसराच रस्ता दाखवत असतो. मागच्या सीटवर बसलेल्याला जायचं असतं ते चौथ्याच रस्त्यानं. तरी सगळे पोचतात, हा भाग वेगळा.

इथल्या आंदोलनांचंही तसंच. हा पूर्वीचा काळा चबुतरा. १८५७ च्या उठावात इथल्या घोडदळातल्या बंडखोर शिपायांना या जागी मृत्युदंड दिला गेला, म्हणून हा क्रांती चौक. आता सरकारला ज्याला म्हणून काही ऐकवायचं असतं तो शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी येऊन मांडव टाकतो. ९ ऑगस्ट २०१६ ला मराठा क्रांती मूक मोर्चा इथूनच निघाला. तेवढा अपवाद सोडला तर या चौकात कोणी गप्प बसल्याचं ऐकिवात नाही. पण मांडवातलं निवेदन कधी वाचून पाहा. त्यात एकच मागणी असलेलं निवेदन मी अजून पाहिलेलं नाही. पाणी रोज द्या, खड्डे बुजवा, भरती काढा, फी कमी करा आणि वरील सर्व मागण्या तात्काळ मान्य करा. 'वरीलपैकी सर्व' हा इथला जन्मसिद्ध पर्याय.

आणि याच माणसांना मांडवातून उठून, रस्ता ओलांडून, मागच्या गल्लीतल्या ऑनलाइन सेंटरवर जावं लागतं. तिथे संगणकाच्या पडद्यावर चार बारीक गोल त्यांची वाट पाहत असतात. चारांतला एकच भरायचा. दुसरा भरला की पहिला आपोआप रिकामा होतो. याला रेडिओ बटण म्हणतात, आणि ते नीट कसं वापरावं हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. यात चूक फॉर्म भरणाऱ्याची नसून फॉर्म बनवणाऱ्याची असते, हे सिद्ध करण्यासाठी हा लेख आहे.

हे नाव कुठून आलं ते ज्यांच्या घरी मर्फीचा किंवा फिलिप्सचा जुना, टेबलावरचा रेडिओ होता त्यांना सांगायला नको. काही रेडिओंना समोर पेटीच्या पट्ट्यांसारखी जाडजूड बटणं असायची. मीडियम वेव्हचं बटण दाबलं की शॉर्ट वेव्हचं खटकन वर यायचं. मोटारीतल्या रेडिओलाही अशी बटणांची रांग असे. ड्रायव्हरनं रस्त्यावरची नजर न हटवता स्टेशन बदलावं म्हणून. आत एक पोलादी पट्टी असायची. नवं बटण दाबलं की ती सरकायची आणि जुन्या बटणाचा अडकवलेला दात सोडून द्यायची. यंत्रालाच कळत होतं की एका वेळी दोन स्टेशनं ऐकता येत नाहीत. घरातल्या पोरांनी मात्र त्यातही पळवाट शोधली होती. एखादं बटण अर्धवट दाबून सोडलं की आधीचं वर यायचं आणि हेही आत बसायचं नाही. मग एकही बटण आत नाही, रेडिओ मुका, आणि वडील विचारायचे, 'कोणी हात लावला?'

पडद्यावरच्या गोलानं रेडिओची शिस्त उचलली, पण ही पळवाट उचलली नाही. एकदा का तुम्ही चारांतला एक गोल भरला, की 'चुकून लागला, काढून टाका' ही सोय राहत नाही. दुसऱ्या गोलावर उडी मारता येते; पुन्हा कोरं होता येत नाही. म्हणून ज्या प्रश्नाला 'मला हे लागूच नाही' असं उत्तर असू शकतं, तिथे 'लागू नाही' हा गोल फॉर्म बनवणाऱ्यानंच ठेवायला हवा. तो ठेवत नाही, कारण त्याला सगळं लागू असतं.

शेजारचा चौकोन म्हणजे चेकबॉक्स, त्याची गोष्ट निराळी. तिथे हवे तितके भरा, एकही भरू नका, भरलेला पुसा. थोडक्यात, चौकोन म्हणजे निवेदन आणि गोल म्हणजे मतदान. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं सेंटरवर बसून शिकावं.

सेंटर म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. बाहेरच्या फलकावर 'येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील', खाली उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर, पीकविमा, शिष्यवृत्ती, पॅन, आणि त्याही खाली 'झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो'. आत एक पोरगा. त्याचा उजवा हात माउसवर, डावा हात प्रिंटरच्या पोटात, आणि मान समोरच्या माणसाकडे. दिवसभरात त्याच्याइतकी रेडिओ बटणं दाबणारा माणूस अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांतही सापडायचा नाही. पण फॉर्म बनवताना त्याला कोणी विचारत नाही.

"काका, व्यवसाय काय टाकू? नोकरी, धंदा, का शेती?"

काका एका संस्थेत शिक्षक, फुलंब्रीकडे चार एकर शेती, संध्याकाळी विम्याचं काम.

"तिन्ही टाक की."

"एकच घेतंय, काका."

"एकच कसं? एकावर भागायलंय का कुणाचं?"

पोरगा निरुत्तर. मीही. कारण काकांचं बरोबर होतं. जिथे दोन उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात तिथे गोल ठेवणं ही गुन्ह्याची पहिली पायरी. चौकोन तरी द्या, नाहीतर प्रश्न तरी बदला: 'सर्वांत जास्त उत्पन्न कशातून येतं?' मग काकांनाही एकच उत्तर देता येईल. फक्त ते देण्याआधी ते मागे वळून कोणी ओळखीचं उभं नाही ना, हे बघतील.

पुढचा प्रश्न वयोगटाचा. अठरा ते पंचवीस, पंचवीस ते पस्तीस, पस्तीस ते पंचेचाळीस. रांगेतल्या तरुणाला नेमकी पंचवीस पूर्ण झालेली. "दादा, कोणत्यात टाकू?" यावर त्या तरुणानं दिलेलं उत्तर या देशातल्या प्रत्येक फॉर्मवाल्यानं फ्रेम करून लावावं: "फायदा कशात जास्त आहे, त्यात टाका." पर्याय एकमेकांवर चढले की माणूस खरं उत्तर शोधत बसत नाही, सोयीचं शोधतो. अठरा ते चोवीस, पंचवीस ते चौतीस असं लिहायला फॉर्मवाल्याला प्रत्येक गटात एक आकडा बदलावा लागला असता.

मग वैवाहिक स्थिती. विवाहित, अविवाहित, संपली यादी. समोर सत्तरीच्या आजी, कपाळ मोकळं. पोरगा एकदा पडद्याकडे बघतो, एकदा आजींकडे. "आजी, यात तुमचं नाही." आजी म्हणतात, "मग कशात आहे?" याला उत्तर नाही. तो 'विवाहित'चा गोल भरतो आणि पुढे सरकतो. त्या कार्यालयाच्या हिशेबात आता एक नवरा जास्त आहे. यादी पूर्ण करणं ही काही चैन नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१४ मध्ये तृतीय लिंगाला मान्यता दिली, त्यानंतर बऱ्याच फॉर्मांमधल्या 'स्त्री' आणि 'पुरुष' यांच्या खाली हळूहळू तिसरा गोल उगवू लागला. एक गोल वाढायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. वैवाहिक स्थितीसाठी तरी एवढ्या लांब जायची वेळ येऊ नये.

यादी पूर्ण हवी म्हणजे लांबच लांब हवी, असंही नाही. पाच-सहा पर्यायांपर्यंत गोल शोभतात. सगळे डोळ्यांसमोर असतात, तुलना करता येते. महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांसाठी ३६ गोल मांडले तर अहिल्यानगरपासून खाली येता येता माणूस यवतमाळपर्यंत पोचायच्या आत सर्व्हर डाऊन होतो. तिथे खाली उघडणारी यादी बरी. अर्थात आमच्या शहराला तिथेही सुख नाही. केंद्राची मंजुरी येऊन औरंगाबाद हे नाव बदललं फेब्रुवारी २०२३ मध्ये. पण कुठल्या यादीत जुनं नाव, कुठल्या यादीत नवं, आणि एखाद्या भाग्यवान यादीत दोन्ही. त्यात बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. घाईघाईनं 'औ' दाबून पहिलं दिसेल ते निवडलं की परीक्षेचं केंद्र पाटण्याच्या बाजूला जातं.

आता मांडणी. बरेच फॉर्मवाले जागा वाचवण्यासाठी गोल आडवे मांडतात. गोल, शब्द, गोल, शब्द, गोल, शब्द. आणि दोन्हींमध्ये अंतर सारखंच. मग मधला गोल डावीकडच्या शब्दाचा की उजवीकडच्या, हे ठरवायला पंचायत बसवावी लागते. एकाखाली एक मांडले तर हा तंटाच उद्भवत नाही. त्यातून गोल मोहरीएवढा आणि दाबणाऱ्याचा अंगठा कापूस वेचून वेचून राठ झालेला. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच मोजून दाखवलं होतं की निशाण जितकं लहान आणि लांब, तितका नेम लागायला वेळ जास्त. उपाय सोपा आहे: गोलाशेजारचा शब्दही दाबता यावा. 'शेती' या अख्ख्या शब्दावर बोट ठेवलं तरी गोल भरला पाहिजे. यासाठी फॉर्मवाल्याला एखादी ओळ जास्त लिहावी लागते. ती न लिहिल्यामुळे गावोगावचे लोक मोबाइलवर त्याच जागी पाच पाच वेळा अंगठा आपटतात आणि शेवटी मोबाइल सेंटरवाल्याच्या हातात देऊन म्हणतात, "आमच्यात होईना."

कधी कधी तर उलटाच चमत्कार दिसतो. एका प्रश्नाचे सगळे गोल भरता येतात! होय, नाही आणि माहीत नाही, तिन्ही एकदम. ही यंत्राची उदारता समजू नका. एका प्रश्नाच्या सर्व गोलांना पडद्यामागे एकच नाव द्यावं लागतं, म्हणजे ते एकमेकांना ओळखतात. बनवणाऱ्यानं तिघांना तीन नावं दिली की ते परके होतात. रेडिओतली पोलादी पट्टी बसवायचीच राहून गेली, असा तो प्रकार. क्रांती चौकाच्या स्वभावाला मानवणारा हा एकमेव फॉर्म. पण सबमिट झाल्यावर तिन्ही उत्तरं पलीकडे पोचतात आणि त्यातलं कुठलं खरं मानायचं, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पण या सगळ्यांवर कडी केली ती सरळ 'होय' आणि 'नाही' या दोन गोलांनी. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्यात एक वाक्य होतं. त्याचा मथितार्थ असा की माझ्या कुटुंबातलं कोणी सरकारी नोकरीत कायम नाही आणि निवृत्तिवेतनही घेत नाही. खाली दोन गोल: होय, नाही. आता बघा. नवरा रिक्षा चालवतो, दीर बांधकामावर जातो. घरात सरकारी नोकरी? नाही. बाईंनी ठामपणे 'नाही' दाबलं. झालं! 'नाहीत हे खरं आहे का' याला 'नाही' म्हणजे आहेत. ज्या घरातल्या तीन पिढ्यांनी सरकारी नोकरीचं स्वप्न पाहिलं आणि ते पुरं झालं नाही, त्या घरात एका गोलानं सरकारी नोकर निर्माण केला. तोही बिनपगारी, उलट त्याच्यापायी योजनेचे महिन्याचे पंधराशे रुपयेही गेले. मुदत ३१ डिसेंबरला संपली, लाखो बहिणींचा घोळ उघड झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये अंगणवाडी सेविकांना घरोघरी पाठवून प्रत्यक्ष पडताळणी करायचं ठरलं. एका नकारार्थी वाक्याची फेड अंगणवाडी सेविकांच्या पायांनी करायची होती. 'तुमच्या घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?' एवढंच विचारलं असतं तर? किंवा गोलांपुढे नुसतं होय-नाही न लिहिता 'घरात सरकारी नोकर आहे' आणि 'घरात कोणीही सरकारी नोकर नाही' अशी पुरी वाक्यं लिहिली असती तर? मग वरचा प्रश्न न वाचताही खालचं उत्तर बरोबर आलं असतं. आणि वरचा प्रश्न कोणीच वाचत नाही, ही फॉर्मांच्या जगातली सर्वांत जुनी वस्तुस्थिती आहे.

आणखी एक वाद आहे, तो जाणकारांमधला. पान उघडल्यावर एखादा गोल आधीच भरलेला असावा का? १९९५ साली वेबपानांच्या एचटीएमएल या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम लिहिले गेले, त्यांत म्हटलं होतं की गटातला एक गोल कायम भरलेलाच असला पाहिजे; कुठला ते सांगितलं नसेल तर ब्राउझरनं पहिला भरावा. ब्राउझरवाल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. २००४ मध्ये वेबसाइटच्या वापरसुलभतेचे जाणकार जेकब नील्सन यांनीही सांगितलं की एक पर्याय आधीच निवडून ठेवावा. ब्रिटिश सरकारची फॉर्म बनवणारी मंडळी मात्र बजावतात की काहीही आधी भरू नका. लोकांच्या नजरेतून प्रश्न सुटतो आणि चुकीचं उत्तर तसंच सबमिट होतं. माझं मत ब्रिटिशांच्या बाजूनं, आणि असं मी सहसा म्हणत नाही. रेल्वेत 'कुठलाही बर्थ चालेल' हे आधी भरून ठेवलं तर कुणाचं नुकसान नाही. पण लिंग, जात, संमती असल्या ठिकाणी आधीच भरलेला गोल म्हणजे पंगतीत न विचारता पानात टाकलेली जिलबी. फरक इतकाच की हिचे पैसे नंतर कापले जातात. मागे मी एका अॅपवरून बसचं तिकीट काढत होतो. 'होय, माझा प्रवास सुरक्षित करा' हा गोल हिरवागार, आधीच भरलेला. त्याखाली फिकट राखाडी अक्षरांत 'नाही, मी धोका पत्करतो'. सात-आठ रुपयांच्या विम्यासाठी हा माणूस मला मरणाची भीती घालत होता! केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये असल्या तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. गिऱ्हाइकाला असं लाजवून होकार घेणं त्यात आहेच. माझ्या अॅपनं ती यादी वाचली असावी. कारण कुठलीच क्लृप्ती सुटू नये याची त्यानं काळजी घेतली होती.

मग आपल्याकडे चांगलं रेडिओ बटण नाहीच का? आहे, आणि तुम्ही सगळ्यांनी ते दाबलेलं आहे. मतदान यंत्र. पर्याय एकाखाली एक, प्रत्येकापुढे नाव आणि चिन्ह, त्याच ओळीत अंगठ्याला पुरेल एवढं निळं बटण, शेजारी ब्रेलमध्ये आकडा. आधीपासून काहीही दाबलेलं नाही. एक दाबलं की बाकीची मुकी. दाबल्याचं कळावं म्हणून लाल दिवा आणि लांबलचक बीप. आणि २०१३ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं, सगळ्यांच्या शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही'. म्हणजे ज्या मतदाराला यादीच पसंत नाही त्यालाही गोल आहे. सेंटरवरच्या आजींना जे मिळालं नाही ते इथे मिळतं. संगणकाला कधी स्पर्श न केलेली माणसंही हे यंत्र सहज वापरतात.

त्याचीही परीक्षा जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत झाली. आमच्या शहरात आधीची निवडणूक एप्रिल २०१५ ची, वॉर्डात एक मत. आता बहुतेक प्रभागांत चार जागा, मतदाराला चार मतं. अ पांढऱ्या कागदावर, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. प्रत्येक रंगात एकच बटण दाबायचं, आणि चारही रंग झाल्याशिवाय मतदान पुरं नाही. फॉर्मवाल्यांच्या भाषेत, एका पानावर रेडिओ बटणांचे चार गट. मतदान करून आलेल्या एका मावशींना विचारलं, कसं झालं? म्हणाल्या, "गुलाबीत दोनदा दाबलं, दुसऱ्यांदा काही होईना. मंग पिवळ्यात दाबलं तर झालं." बघा. दोन गट वेगळे आहेत हे मावशींना रंगानं सांगितलं, एका गटात दुसऱ्यांदा दाबता येत नाही हे यंत्रानं सांगितलं. पुस्तक वाचावं लागलं नाही, सेंटरवाला लागला नाही, ओटीपी आला नाही.

तेव्हा फॉर्म बनवणाऱ्या भाऊ-ताईंना हात जोडून एवढंच सांगणं. उत्तर एकच असेल तिथेच गोल द्या, अनेक असतील तिथे चौकोन. सगळी उत्तरं लिहा. 'यांपैकी नाही' आणि 'लागू नाही' यांना घाबरू नका. आकडे एकमेकांवर चढवू नका. गोल एकाखाली एक मांडा आणि शब्दही दाबता येऊ द्या. प्रश्नात 'नाही' घालू नका. संमतीचा गोल आमच्या वतीनं भरू नका. आणि फॉर्म सुरू करायच्या आधी एक दिवस क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत त्या पोराच्या शेजारी स्टूल टाकून बसा. तो दिवसभरात ज्या ज्या ठिकाणी मान वळवून 'आता काय टाकू?' असं विचारेल, ती प्रत्येक जागा तुमची चूक आहे. संध्याकाळी घरी जाऊन ती दुरुस्त करा.